आधी कादंबरी, मग अभंग, सिनेमा शेवटी

ऐरोली

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

वाचनकट्ट्यावर या वेळी एकाच विषयावरची कादंबरी, गाणी आणि सिनेमा असं तिन्ही घ्यायचं म्हणता, तर तुकोबा घ्या. दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी', खळ्यांच्या चालींवर लताबाईंनी गायलेले 'अभंग तुकयाचे' आणि प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम'. तिन्हींतला तुकोबा वेगळा आहे, म्हणून बोलायला खूप निघेल. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवतेय.

बाबा, सिनेमा आधी लावला तर गर्दी जमेल हे खरं, पण तो शेवटीच ठेवा. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की वाचताना दुसरा तुकोबा दिसत नाही. 'आनंदओवरी' सांगतो तो धाकटा भाऊ कान्हा. तुकोबा नाहीसे झालेत आणि हा शोधतोय, आठवतोय. दुष्काळ, बुडालेला धंदा, घरातली माणसं, सगळं भावाच्या बाजूने येतं. सिनेमातलं विमान आधी पाहिलेल्याला कान्हाची तगमग उगाच वाटेल.

कादंबरी छोटी आहे. बारा जणांना चार प्रती पुरतात, तिघांत एक, प्रत्येकाकडे पाच-सहा दिवस. नौपाड्यातून ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय जवळच आहे (१८९३ची संस्था, एवढ्या जुन्या ठिकाणी जुनी पुस्तकं आधी विचारावीत), तिथे चौकशी करा आणि बाकीच्या प्रती विकत घ्या. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका. मोकाशी १९८१ साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. सिनेमाची ६० वर्षं प्रदर्शनापासून मोजतात, त्यामुळे तो हॉलमध्ये लावायला अडचण नाही. ज्यांना बारीक अक्षर वाचवत नाही त्यांच्यासाठी आई, तू दोन दुपारी मोठ्याने वाच. तुझं वाचन संथ आहे, ते या पुस्तकाला शोभेल.

दुसरी बैठक गाण्यांची. सगळी ध्वनिमुद्रिका एका दमात लावलीत तर लोक डोळे मिटून डोलतील, चर्चा शून्य. चारच अभंग घ्या: 'वृक्षवल्ली', 'भेटीलागी जीवा', 'कन्या सासुरासी जाये' आणि 'आनंदाचे डोही'. प्रत्येक अभंग आधी नुसता ऐका. मग गाथेतला पाठ कोणीतरी चाल न लावता वाचायचा आणि त्यानंतर पुन्हा ऐकायचा. चाल इतकी ओळखीची झालीय की शब्द कानावरून निसटतात, कोरडं वाचल्यावर ते सापडतात. पाठ १८ पॉइंटमध्ये छापा, एका पानावर एकच अभंग. गाण्यात गाथेतलं एखादं चरण गाळलंय का, तेही त्या कागदावर पेन्सिलीने खुणावता येईल.

इथे एक प्रश्न राखून ठेवा. 'भेटीलागी'मध्ये दिवाळीच्या मुळाची, म्हणजे माहेरी न्यायला येणाऱ्या माणसाची, वाट पाहणारी लेक आहे, 'कन्या सासुरासी'त मागे वळून पाहणारी. सासुरवाशिणीचं मन इतकं ओळखणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचं, जिजाईचं, काय चाललं होतं? याचं उत्तर तिसऱ्या बैठकीत, सिनेमात जिजाई झालेल्या गौरीबाई देतात. मूल आजारी पडल्यावर वहाण घेऊन विठोबावर चालून जाणारी ती जिजाई मला सगळ्या सिनेमात खरी वाटते. वैकुंठाचं बोलावणं आलं तरी तिला घर सोडवत नाही.

सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपास आहे. मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी हवीच. टीव्हीची पिक्चर सेटिंग ४:३ करा. तो जवळजवळ चौकोनी चौकटीचा सिनेमा आहे आणि टीव्ही आपणहून तो आडवा ताणतो, मग पागनीस जाडे दिसतात. आवाज जुना आहे, टीव्हीच्या स्पीकरवर संवाद कळणार नाहीत. वेगळा स्पीकर लावून बेस कमी आणि ट्रेबल थोडा वाढवा. बेस वाढवला की घुमतं आणि श्रवणयंत्रवाल्यांना काहीच उमगत नाही. फरशीवर सतरंज्या घाला, पंखे सावकाश ठेवा. मोबाईलवरून लावणार असाल तर वायफायवर विसंबू नका, एचडीएमआयची केबल हाताशी असू द्या.

सिनेमा संपल्यावर गाथेच्या सूचीत 'आधी बीज एकले' शोधायला सांगा. सापडणार नाही, कारण ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, चाल केशवराव भोळ्यांची. लोक ते तुकोबांचंच समजत आले. ज्या सिनेमात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो, त्याच सिनेमातलं गाणं तुकोबांच्या नावावर जमा व्हावं ही मोठी गंमत आहे.

भांडण कुठे होईल ते सांगून ठेवते: सदेह वैकुंठगमन की घातपात. हा वाद निघाला की दोन तास गेले, आणि पुढच्या वेळी चौघं येणार नाहीत. बाबा, तुम्ही सूत्रधार असाल तर सुरुवातीलाच सांगा की नेमकं काय घडलं हे ठरवायला आपण बसलेलो नाही. ते जाणं सिनेमाने कसं दाखवलं, कादंबरीने भावाच्या मनात कसं ठेवलं आणि अभंगात त्याची काही चाहूल लागते का, एवढंच बोलायचं. आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. वारी केलेले काका प्रवचन सुरू करतील, त्यांना पहिल्याच फेरीत बोलू द्या म्हणजे नंतर ऐकतील.

तीन बैठका पंधरा-पंधरा दिवसांनी ठेवा. पहिल्या दोन दीड तासाच्या, तिसरी चार वाजता सुरू करा म्हणजे साडेसातपर्यंत सगळे घरी पोहोचतील. केबल मी रविवारी येताना आणते, टीव्हीचं मागचं भोक कुठलं ते फोटो काढून पाठवा.

तुमची,
छोटी