जाझ ब्रंचच्या नावाखाली नुसता ब्रंच दिल्याबद्दल तक्रार, आणि रिफंडची मागणी

नमस्कार,

बुकिंग नंबर सब्जेक्टमध्ये टाकलाय त्यामुळे परत विचारू नका, आधीच तीन वेळा चॅटवर देऊन झालाय. तुमच्याकडून आम्ही न्यू ऑर्लिन्सचं वीकएंड पॅकेज घेतलं होतं, दोन रात्री हॉटेल आणि फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातल्या एका जुन्या क्रिओल (म्हणजे तिथल्या फ्रेंच-स्पॅनिश-आफ्रिकन मिश्र संस्कृतीच्या) रेस्टॉरंटमध्ये चौघांचा जाझ ब्रंच, ब्रंचचे माणशी ९५ डॉलर म्हणजे ३८० वेगळे धरलेले. हॉटेलबद्दल काही म्हणणं नाही. ब्रंचबद्दल मात्र आहे आणि बरंच आहे.

आधी हे कशासाठी होतं ते सांगते म्हणजे मी एवढी का तापलेय ते कळेल. माझे सासरे, अण्णा, यंदा ७५ पूर्ण झाले. आयुष्यभर पोलीस बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली त्यांनी, अजून पुण्यात सकाळी गच्चीवर जाऊन वाजवतात, शेजारपाजारचे वैतागतात पण बोलत कोणी नाही. सिडनी बेशे नावाचा क्लॅरोनेटवाला १८९७ साली न्यू ऑर्लिन्सला क्रिओल घरात जन्मला हे माझ्या नवऱ्याने त्यांना कधीतरी यूट्यूबवर ऐकवता ऐकवता सांगितलं आणि तेव्हापासून म्हातारा त्या गावाच्या प्रेमात. सहा महिन्यांसाठी अण्णा आणि सासूबाई दोघं आमच्याकडे ह्यूस्टनला आलेत, गाव साडेपाच तासांवर, मग म्हटलं पंचाहत्तरी तिथेच करू, जेवताना टेबलाशी बँड येऊन वाजवतो, फर्माईश घेतो, क्लॅरोनेटवाला हातभर अंतरावर उभा, आणखी काय पाहिजे त्यांना. बँडला टिप द्यायची असते म्हणून अण्णांनी पाच पाच डॉलरच्या कोऱ्या नोटा बँकेतून आणायला लावल्या आणि पाकिटात घालून ठेवल्या, पाकीट पण आहेराचं, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं.

आता मुद्दा. मी दीड महिना आधी ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की रविवार, सकाळी अकरा. तुमचं कन्फर्मेशन आलं शनिवार साडेदहाचं. मी लगेच फोन केला तर तुमचे एक्झिक्युटिव्ह म्हणाले की मॅडम काळजी करू नका, शनिवार रविवार सेमच प्रोग्रॅम असतो, वीकएंड म्हणजे वीकएंड. हेच वाक्य नंतर चॅटवर पण लिहून दिलंय त्यांनी, स्क्रीनशॉट जोडलाय. आणि आम्ही विश्वास ठेवला, कारण आपली माणसं, मराठीत बोलतात, आईवडिलांच्या ट्रिपा करून देतात म्हणूनच तर तुमच्याकडे आलो ना, नाहीतर रेस्टॉरंटला एक फोन मला स्वतःला करता येत नव्हता का.

सेम नसतो हो. जाझ ब्रंच ही पद्धत तिथल्याच ज्या कमांडर्स पॅलेस रेस्टॉरंटमध्ये मालकीण एला ब्रेनन आणि त्यांच्या घरच्यांनी सत्तरच्या दशकात सुरू केली तिथे शनिवार रविवार दोन्ही दिवस असतो, पण काही जुन्या ठिकाणी बँड फक्त रविवारीच येतो, आणि तुम्ही आम्हाला ज्या रेस्टॉरंटमध्ये पाठवलंत ते नेमकं दुसऱ्या प्रकारातलं. वेटरला विचारलं बँड कधी येणार तर तो बिचारा आधी कॅलेंडर बघावं तसा वर बघायला लागला आणि मग म्हणाला, उद्या. त्यांच्या दारावरच्या पाटीवर पण लिहिलेलं आहे, रविवार. तुम्ही पॅकेज विकण्याआधी एकदा तरी विचारलं असतंत!

मी तिथूनच चॅटवर तुम्हाला कळवलं तर उत्तर काय आलं, "म्युझिक तर चालू होतं ना मॅडम?" होतं. छतातल्या स्पीकरमधून. तसं ते आमच्या डेंटिस्टकडे पण चालू असतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. फॉर्ममध्ये मी लिहिलेलं की एक जण शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तुमचं उत्तर, "ग्रीन गंबो आहे ना, तो पालेभाज्यांचाच असतो." गंबो म्हणजे तिथला दाट रस्सा. ग्रीन गंबो असतो पालेभाज्यांचा, पण तो मुख्यतः ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी करतात, आम्ही गेलो ऑक्टोबरमध्ये, आणि पालेभाज्यांबरोबर त्यात बहुतेक ठिकाणी सॉसेज आणि हॅम पण पडतं. साध्या गंबोचं तर विचारूच नका. गंबो हा शब्दच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलाय, सासूबाई ऐकून खूष झाल्या की चला भेंडी आहे, आणि मग कळलं की भेंडी आहे पण ती कोंबडी नाहीतर कोळंबीच्या रश्श्यात आहे. हॉलंडेझ सॉसमध्ये अंडं, पेन पर्दूमध्ये, म्हणजे त्यांच्या फ्रेंच टोस्टमध्ये, अंडं, ब्रेड पुडिंगमध्ये अंडं. शेवटी त्यांनी खाल्लं काय तर फ्रेंच ब्रेड, फळं, आणि लोणी घातलेले ग्रिट्स, तेही वेटर स्वतः आत जाऊन स्टॉक नाही ना, दूध पाण्यातच शिजवलेत ना हे विचारून आला म्हणून. ग्रिट्सचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, अगं या तर मक्याच्या कण्या! ९५ डॉलरच्या कण्या. गंमत म्हणून मी सगळ्यांना सांगते हे, पण गंमत नाहीये ती.

रेस्टॉरंटची चूक नाही हे मुद्दाम लिहिते कारण तुम्ही आता त्यांच्यावर ढकलाल. मी एग्ज सार्दू खाल्लं, पालक, आर्टिचोक, त्यावर पोच्ड अंडं आणि हॉलंडेझ, इतकं सुंदर की मी रागात आहे हे पाच मिनिटं विसरले. नवऱ्याने टर्टल सूप घेतलं, वर शेरी टेबलाशी येऊन ओततात. चिकरी घातलेली कॉफी अण्णांना पुण्यातल्या फिल्टर कॉफीसारखी लागली, दोन कप प्यायले. तुमच्या माहितीपत्रकात "झणझणीत केजन-क्रिओल" लिहिलंय ते पण काढा, केजन ही खेड्याकडची, कॅनडातून हाकललेल्या फ्रेंच लोकांची पद्धत, क्रिओल शहरातली, लोणी-क्रीमवाली, झणझणीत वगैरे काही नाही, अण्णांना टबॅस्को, म्हणजे तिखट मिरची सॉस, मागवावा लागला.

आणि कपडे. तुम्ही लिहिलंत "कॅज्युअल, उन्हाळी, आरामदायक". या जुन्या घराण्यांत तसलं चालत नाही. त्या गावातलं आंत्वान्स रेस्टॉरंट १८४० चं आहे, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ला धावली त्याच्या तेरा वर्षं आधीचं, तिथल्या लोकांना आपल्या जागेचा मान असतो आणि तो ठेवावा. नवरा हाफ पँटमध्ये, दारातच अडवलं, हॉटेलवर पळत जाऊन बदलून आला, त्यात वीस मिनिटं गेली. आमच्यात नीट तयार होते ते एकटे अण्णा, बंदगळा घालून, कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना आपोआप कळतं की जिथे कोणी वाजवणार आहे तिथे नीट जायचं.

रविवारचं बघितलं का तर बघितलं. त्याच रेस्टॉरंटला विनवण्या केल्या, फुल होतं, दोन आठवड्यांपासून. तुम्हाला दोनदा फोन केला, वीकएंडला ऑफिस बंद. वीकएंड पॅकेज विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस वीकएंडला बंद, यावर मी काही बोलत नाही. अण्णाच म्हणाले जाऊ दे, लांबचा ड्राइव्ह आहे, निघू. पाकीट तसंच बॅगेत घातलं त्यांनी. गाडीत पण एक शब्द तक्रारीचा नाही, बेटन रूज येईपर्यंत गप्प बसून होते, ते मला जास्त लागलं.

तर मला पुढच्या वेळेसाठी दहा टक्क्यांचं कूपन नको, तुमच्या माणसाने काल तेच ऑफर केलंय. ब्रंचचे ३८० डॉलर कार्डवर परत पाहिजेत, पूर्ण, प्रोसेसिंग फी न कापता. वेबसाइटवरून "वीकएंड जाझ ब्रंच" काढून कुठल्या दिवशी बँड असतो आणि अंडं-मांस सोडून खायला काय मिळतं ते लिहा, आजच लिहा, अजून तसंच आहे, मी आत्ता बघितलं. आणि ज्यांनी शनिवार-रविवार सेम सांगितलं त्यांनी स्वतः अण्णांना फोन करावा, मला नाही, अण्णांना. दुपारी दोन ते चार सोडून कधीही, तेव्हा ते झोपतात. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला त्यांचं परतीचं विमान आहे, त्याच्या आत.

तुमची ग्राहक,
ह्यूस्टन