लक्षद्वीपची एक जागा मोजताना पी. एम. सईद आठवावेत

संपादक महोदय,

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर आपल्या अंकातून सध्या भरपूर लिहून येते आहे. उत्तरेच्या जागा किती वाढणार, दक्षिणेचे नुकसान किती, महाराष्ट्राच्या पदरात काय पडणार, ही आकडेमोड मी रोज वाचतो. त्यात ज्यांच्याकडे मोजायला माणसेच थोडी आहेत, त्यांचा उल्लेख मात्र कुठे सापडत नाही. लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ६४,४७३. आपल्या ठाणे मतदारसंघात नुसते मतदारच वीस लाखांच्या वर आहेत. अलीकडे एका व्याख्यानात "एवढ्याशा बेटांना अख्खा खासदार कशाला?" असे वक्त्याने विचारले आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मनाला लागल्या, म्हणून हे पत्र.

१९५६ साली ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली, पण बेटवासीयांना लोकसभेसाठी मत देता येत नव्हते. १९५७ पासून दहा वर्षे के. नल्ला कोया तंगळ हे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य तिथले प्रतिनिधी होते. १९६५ मध्ये संसदेने कायदा केला आणि १९६७ साली बेटांवर प्रथमच थेट निवडणूक झाली. निवडून आला आंद्रोत बेटावरचा एक अपक्ष तरुण. पदनाथ मोहम्मद सईद यांचा जन्म १० मे १९४१ चा, म्हणजे मतदानाच्या वेळी त्यांना सव्विसावेही पूर्ण झाले नव्हते. लोकसभेला उभे राहण्याचे किमान वय पंचवीस!

सईद यांनी कायद्याचे शिक्षण आपल्या मुंबईत, सिद्धार्थ विधी महाविद्यालयात घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय. मीही तिथलाच विद्यार्थी, पण सईद यांचे नाव तिथे असताना माझ्या कधी कानावर आले नाही. फोर्टमधल्या आनंद भवन या महाविद्यालयाच्या इमारतीत ज्या शहराने त्यांना कायदा शिकवला, त्या शहराने तरी त्यांना विसरू नये असे फार वाटते.

१९६७ च्या विजयानंतर सईद काँग्रेसमध्ये गेले आणि १९७१ ला बिनविरोध निवडून आले. १९७७ च्या काँग्रेसविरोधी लाटेत भले भले वाहून गेले, सईद टिकले. १९९९ पर्यंत एकाच मतदारसंघातून सलग दहा वेळा निवडून येणे सोपे नाही. लक्षद्वीपला विधानसभा नाही. कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. तांदळापासून डिझेलपर्यंत सगळे मुख्य भूमीवरून जहाजाने यायचे, आजही येते. जहाज रखडले किंवा आजारी माणसाला कोचीला हलवायचे झाले, तर दिल्लीत ज्याच्या नावाने हाक मारावी असा निवडून दिलेला माणूस एकच. तिथले लोक मतदानाला इतक्या संख्येने का बाहेर पडतात, हे यावरून कळेल. गेल्या काही लोकसभा निवडणुकांत तिथले मतदान ८० टक्क्यांच्या पुढेच राहिले आहे.

पण सईद हे फक्त बेटांचे गाऱ्हाणे मांडणारे खासदार नव्हते. केंद्रात गृह आणि माहिती-प्रसारण खात्यांचे राज्यमंत्रिपद त्यांनी सांभाळले. वाजपेयी सरकारच्या काळात ते विरोधी बाकांवर असूनही लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. ३ मार्च २००२ रोजी अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले, तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशन नुकतेच सुरू झालेले होते. गुजरातमधील दंगलींमुळे सभागृह पेटलेले. १० मे रोजी आपले मनोहर जोशी अध्यक्षपदी निवडले जाईपर्यंत, दोन महिन्यांहून अधिक काळ, अध्यक्षाची सर्व कर्तव्ये सईद यांच्याकडे होती. दंगलींवरची ती प्रदीर्घ चर्चा आणि त्यानंतरचे मतदान याच काळातले. देशातल्या सर्वांत कमी मतदारांनी पाठवलेला माणूस त्या आठवड्यांत सगळ्या देशाचे सभागृह चालवत होता आणि त्याच्या मागे किती लाख मते आहेत, हे कुणी विचारत बसले नाही. पुढे सतराव्या लोकसभेला पाच वर्षांत उपाध्यक्षच मिळाला नाही, ही गोष्ट मला म्हणूनच अधिक खटकते.

२००४ मध्ये ते हरले, अवघ्या ७१ मतांनी. तीस हजारांहून अधिक मतांमधली ही ७१. लहान मतदारसंघातला खासदार निर्धास्त असतो, असे समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा. सदतीस वर्षे निवडून दिलेल्या माणसालाही तिथल्या मतदारांनी घरी बसवले. काँग्रेसने त्यांना राज्यसभेवर घेतले आणि ते केंद्रीय ऊर्जामंत्री झाले. खेड्यापाड्यांत वीज पोचवणारी राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना २००५ साली आली, ती त्यांच्याच कार्यकाळात. डिझेल जनित्रांवर दिवे लागणाऱ्या बेटांतून आलेल्या माणसाला या कामाचे मोल वेगळे सांगावे लागले नसणार. डिसेंबर २००५ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात ते खाते सोलापूरच्या सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे आले. तेवढ्यापुरते तरी आपल्या वृत्तपत्रांत सईद यांचे नाव झळकले असेल.

आता मूळ मुद्दा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८१ नुसार केंद्रशासित प्रदेशांना लोकसभेत जास्तीत जास्त वीस जागा देता येतात. त्या कशा भरायच्या, हे संसद कायद्याने ठरवते. कमाल मर्यादा घटनेत आहे. लक्षद्वीपला किमान एक जागा मिळेलच, असे मात्र घटनेत कुठे लिहिलेले नाही. आज ती काढून घेण्याची भाषा कुणी जबाबदार नेता करत नाही, हे मी मान्य करतो. परंतु लोकसंख्या हाच एकमेव निकष अशी हवा तयार झाली, की ती जागा काढायला संसदेतले साधे बहुमतही पुरते. २०२१ मध्ये प्रशासकांच्या नियमावलीच्या मसुद्यांवरून बेटांवर जो असंतोष उसळला, तो संसदेत मांडायला लोकसभेतला एकच माणूस होता. तोही नसता तर?

माझी मागणी एवढीच आहे. पुनर्रचनेसाठी घटनादुरुस्ती होणारच असेल, तर विधानसभा नसलेल्या प्रत्येक केंद्रशासित प्रदेशाला थेट निवडून दिलेला किमान एक लोकसभा सदस्य असेल, ही ओळ त्याच दुरुस्तीत घालावी. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी कुणीतरी ती उपसूचना मांडावी आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी अग्रलेख लिहावा.

— एक वकील वाचक, मुंबई