सत्र संपल्यावर विचारून काय उपयोग?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठातील अध्यापन आणि विद्यार्थ्यांना मिळणारी मदत यांविषयी विद्यार्थ्यांचे मत घेतले पाहिजे, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य झाले आहे आणि मी त्याचे मनापासून स्वागत करते. माझा आक्षेप आहे तो हे मत केव्हा आणि कोणाकडून घेतले जाते याला. फीडबॅकचा फॉर्म बहुधा सत्राच्या शेवटच्या आठवड्यात भरून घेतात. तोवर विषय शिकवून संपलेला असल्यामुळे भरणाऱ्याला स्वतःच्या उत्तरांचा काहीच लाभ होत नाही. आणि ज्यांचा जम बसला नाही, ती मुले त्या दिवशी वर्गात नसतातच.

प्रथम वर्षाला अनेक वर्षे शिकवून मी निवृत्त झाले. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसत असे, अबोल, पण वही अतिशय नीटनेटकी ठेवणारी. सहाव्या आठवड्यापासून ती दिसेनाशी झाली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजेरीची खूण करत राहिले आणि त्यापलीकडे काही केले नाही. ती चूक माझी होती, आणि आमच्या संस्थेत ती कोणाला चूक वाटतही नव्हती. दोन वर्षांनी ती अचानक भेटली तेव्हा तिने सांगितले की, तास चालू असताना ऐकायचे केव्हा आणि लिहून घ्यायचे केव्हा, हेच तिला उमगत नव्हते; वहीत सगळे असे, पण घरी जाऊन वाचले की त्यातले काहीच कळत नसे. शंका घेऊन शिक्षकांच्या खोलीत न बोलावता जाता येते, हेही तिला कोणी सांगितले नव्हते. त्या सत्रातले माझे सगळे फॉर्म उत्तम शेऱ्यांनी भरलेले होते.

मध्ययुगात बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे संघच शिक्षकांशी करार करत आणि तास उशिरा सुरू केला किंवा घंटेनंतरही लांबवला तर त्यांना दंड करत. ती पद्धत आज कोणी आणू म्हणणार नाही, परंतु तिथे विद्यार्थ्याच्या तक्रारीचा परिणाम त्याच विद्यार्थ्याला, त्याच वर्गात दिसत असे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात 1920 च्या दशकात हर्मन रेमर्स यांनी अध्यापकांच्या मूल्यमापनाची श्रेणीपत्रिका तयार केली, तेव्हापासून गुण देण्याची ही रीत पसरत गेली. ब्रिटनमध्ये 2005 पासून होणारे राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण प्रामुख्याने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे असते. म्हणजे जे टिकले त्यांचेच मत आपण नोंदवतो, आणि ज्यांच्या अनुभवातून सर्वाधिक शिकण्यासारखे असते ते मधल्या मध्ये निसटतात.

शिवाय आपण जे विचारतो तेही तपासून पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांनी अध्यापकाला दिलेले गुण आणि त्या वर्गात झालेले प्रत्यक्ष शिक्षण यांचा मेळ बसतो, असे बराच काळ मानले जात होते; बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तेव्हा हा संबंध जवळजवळ उरला नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गांवर झालेला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर मला फार बोलका वाटतो. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांना आपण अधिक शिकलो असे वाटले, पण चाचणीत पुढे होती ती गटात बसून, चुकतमाकत उदाहरणे सोडवलेली मुले. म्हणून ‘शिकवणे आवडले का’ या प्रश्नाच्या उत्तरावर मी फारसा भर देणार नाही. ‘कुठे अडले’ हे मात्र विद्यार्थ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

त्या मुलीच्या भेटीनंतर मी चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला अर्धा कागद देऊ लागले. नाव लिहायचे नाही; आतापर्यंत कुठे अडते आणि अडल्यावर कोणाकडे जाता, एवढेच लिहायचे. पहिल्याच वर्षी कळले की उजवीकडच्या बाकांवरून फळ्याचा एक भाग प्रकाशामुळे दिसतच नाही. त्याहून धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने: खोलीत भेटण्यासाठी मी जी वेळ ठेवली होती, ती ज्यांचे काही चुकले आहे त्यांच्यासाठीच असते, असा कित्येकांचा समज होता. पुढच्या तासाला मी ते कागद वाचून काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, हे वर्गात सांगत असे. हे सांगणे राहिले, तर पुढच्या वेळी कागद कोरे येतात.

मदतीच्या व्यवस्थेलाही हेच लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 8 देशांतील 19 उच्चशिक्षण संस्थांच्या प्रथम वर्षाच्या सुमारे 14 हजार विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि जवळपास एक-तृतीयांश जणांमध्ये कधी ना कधी मानसिक विकाराची लक्षणे आढळली. समुपदेशकाच्या खोलीची पाटी लावल्याने यांतले किती जण आपण होऊन तिथे पोहोचतील? दुसरीकडे, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये दाखवून दिले की, ‘आपण इथले नाही’ ही भावना सुरुवातीला बहुतेकांना येते आणि पुढे ती ओसरते, हे वरच्या वर्गातील मुलांच्या अनुभवांतून नवागतांना सुमारे तासाभराच्या सत्रात समजावून दिले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारत गेले. यासाठी मोठी इमारत लागत नाही; पहिल्या काही आठवड्यांत कोणीतरी तो तास राखून ठेवावा लागतो.

माझी विद्यापीठांना विनंती एवढीच आहे की, चौथ्या आठवड्यात विचारावे, पुढच्या आठवड्यात उत्तर द्यावे आणि सलग दोन आठवडे न आलेल्या मुलाला कोणीतरी, शक्यतो त्याला नावाने ओळखणाऱ्या शिक्षकाने, स्वतः फोन करावा. मोठ्या वर्गांत हे एकट्या अध्यापकाला जमणार नाही, हे मी जाणते. तिथे विभागाने माणूस नेमला पाहिजे.

आपणांसही एक विनंती आहे. निकालानंतर आपण यशस्वी विद्यार्थ्यांच्या मुलाखती छापता आणि मी त्या आवडीने वाचते. त्याच पानावर, शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची मुलाखत, नाव न देता आणि त्याच्या संमतीने, आपण छापाल का?

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका