रक्ताच्या ट्यूबमध्ये न सापडणारी जागल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिरजेत ३१ वर्षं मी लॅब टेक्निशियन होते. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू ‘इम्युनिटी पॅकेज’चा, म्हणजे प्रतिकारशक्ती मोजून देतो म्हणणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन आल्या. काकांवर फुप्फुसाच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. टी-पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा जरा कमी आला होता आणि दोन दिवस काकूंना घास गिळवत नव्हता. “ह्यांच्या अंगात आता काहीच राहिलं नाही का गं?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला त्या पॅकेजवाल्यांचा मनस्वी राग आला.

माझं माहेर तासगावकडचं. शाळू हुरड्यात आला की वडील रात्री रानात जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला जायचे. आठवडी बाजारातली माणसं मोजून शिवारात किती जण जागलीला बसलेत हे कधी कळेल का? टी-पेशींचंही तेच आहे. जंतूंशी एकदा झुंज झाली की आठवण ठेवणाऱ्या काही पेशी रक्तातून फिरत राहतात. पण बऱ्याचशा जिथं झुंज झाली तिथंच, म्हणजे कातडीत, फुप्फुसात, आतड्यात मुक्काम ठोकतात. जंतू पुन्हा आला तर पहिली हाक त्यांचीच. नुसत्या कातडीतच सुमारे २,००० कोटी टी-पेशी असतात, रक्तातल्यांच्या जवळपास दुप्पट, असा अंदाज २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला. आमच्या ट्यूबमध्ये त्या येणार कुठून?

माझ्या सासूबाईंनी सल्फाची गोळी घेतली की ओठाच्या उजव्या कोपऱ्याला काळा डाग उठायचा. तीन वेळा झालं, तिन्ही वेळा तिथंच. अशा डागामागे त्याच जागी ठाण मांडून बसलेल्या टी-पेशी असतात, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. राखणदार कधी असा चुकतोही.

कॅन्सरमध्ये मात्र त्यांचा मोठा आधार दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवर दाखवलं की या पेशी कातडीतल्या कॅन्सरच्या पेशी पुरत्या मारत नसल्या तरी त्यांना वाढू न देता दाबून ठेवतात. त्या काढून टाकल्यावर काही उंदरांत गाठी वाढल्या. फुप्फुसाच्या गाठीत अशा पेशी भरपूर सापडलेले रुग्ण सरासरीनं जास्त जगल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे. पण त्या पाहायच्या तर गाठीचा तुकडाच मायक्रोस्कोपखाली घ्यावा लागतो.

एचआयव्हीच्या रुग्णाला सीडी ४ चा, म्हणजे एका प्रकारच्या टी-पेशींचा रक्तातला आकडा फार मोलाचा असतो, ती तपासणी कुणी टाळू नये. काकूंनाही मी रिपोर्ट काकांच्या डॉक्टरांना दाखवायलाच सांगितलं. पण डॉक्टरांनी न सांगता, नुसतं पत्रक वाचून त्यांनी २,४०० रुपये भरले होते. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या तज्ज्ञाकडून हा विषय सोप्या भाषेत लिहून घ्यावा, आणि अशा पॅकेजची पत्रकं अंकातून घरोघर जाणार नाहीत एवढं पाहावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज (जि. सांगली)