खाजणात शोषखड्डा कोणाला जमलाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला शोषखड्ड्याचा लेख वाचला आणि तो काही डोक्यातून जाईना, म्हणून सकाळचा डबा झाल्या झाल्या लिहायला बसले. "प्रत्येकाने" करावा असं छापलंय तुम्ही. चार-पाच फूट खणा, विटांचे तुकडे भरा, सांडपाणी जिरतं, वर झाडं लावा. मुरमाची जमीन असेल तिथे जिरत असेल, नाही म्हणत नाही. पण तुमचा पेपर ठाण्याजवळच्या आमच्या दिव्यात पण येतो, कळव्यात, ऐरोली-घणसोलीच्या खाडीकडच्या बाजूला पण येतो, आणि आमच्याकडे खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीत, भरावाखाली खाडीचा काळा चिकट गाळ आहे, त्यात पाणी जिरत नाही हो. लेखात एक ओळ पण नाही की हे कुठल्या जमिनीसाठी आहे.

आम्ही असाच सल्ला ऐकून बसलो होतो. दिवा पूर्वेला घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीत ड्रेनेज लाइन नव्हती, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ताई संडासाची ३००० लिटरची फायबरची रेडीमेड टाकी टाकू, पुढे शोषखड्डा करू, दोन दिवसात काम. सासरे ओट्यावरून सांगत होते की अरे तीन हात खाली पाणी आहे, भरतीला वर येतं, हे खाजण आहे. त्यांचं आयुष्य खारीत भात लावण्यात आणि बांध घालण्यात गेलेलं, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही, मी पण नाही ऐकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. खड्डा खणल्यावर त्यांनी दोन हंडे पाणी ओतायला लावलं, म्हणाले सकाळी बघ. सकाळी पाणी कमी व्हायचं सोडून वीतभर वाढलं होतं, आदल्या दिवशी अमावास्या होती. तरी त्यात विटांचे तुकडे भरलेच.

पुढच्या जुलैत टाकी तुंबली म्हणून टँकरवाल्याला बोलावून उपसली. रात्री पाऊस आणि वर मोठी भरती. पहाटे बाथरूमच्या मागे मोठा आवाज झाला, बघते तर टाकी हातभर वर आलेली, वरची लादी उचकटलेली, पाइप तुटून सगळी घाण अंगणात. आजूबाजूच्या जमिनीत पाणी भरलेलं आणि टाकी रिकामी, म्हणजे ३००० लिटरच्या टाकीला खालून जवळजवळ तीन टनांचा रेटा, ती वर येणारच. खाली काँक्रीटचा स्लॅब घालून टाकी त्याला पट्ट्यांनी बांधायची असते, पावसाळ्यात उपसायची नसते, उपसावीच लागली तर लगेच साधं पाणी भरून ठेवायचं, हे मला नंतर एका इंजिनिअरने सांगितलं. दहा दिवस आम्ही पाच माणसं शेजारच्या काकूंकडे संडासला जात होतो, त्यात सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास. हे लेखात यायला हवं होतं.

शेजारच्या बिल्डिंगचं तर रोज दिसतं. तिचं पायलिंग, म्हणजे पायाचे खोल खांब, खाली खडकापर्यंत गेलंय त्यामुळे ती जागची हलली नाही, पण भोवतीचा भराव दरवर्षी खचतोय कारण खालच्या गाळातलं पाणी वजनाने हळूहळू, वर्षानुवर्षं निघत राहतं. पेव्हर ब्लॉक खाली गेले, जिन्याची पहिली पायरी दीड फूट उंच झाली, म्हाताऱ्या माणसांसाठी दगड ठेवलाय. ड्रेनेजचे पाइप पण तिथेच तुटतात, जिथे बिल्डिंग संपून भराव सुरू होतो. लोक म्हणतात बिल्डरने फसवलं, पण प्लॉट घेताना खाली काय आहे हे आपल्यातलं किती जण विचारतं?

आणि बाग. पावसात मीठ धुवून जातं म्हणून तर खारीत भात होतं, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण या मातीसाठीच काढले. पण फेब्रुवारी-मार्चला खालचं खारं पाणी वर चढतं आणि जमिनीवर पांढरा थर धरतो. माझे सहा गुलाब त्यातच गेले. नर्सरीवाला म्हणाला जिप्सम टाका, त्याने मातीतला क्षार सुटतो, टाकलं, पण सुटलेला क्षार वाहून जायला खाली निचराच नाही तर जिप्सम काय करणार. आता दोन फूट उंच वाफे करून लाल माती भरलीय, त्यात भाजी येते. जमिनीत फक्त नारळ आणि चिकू तगले, सासऱ्यांनी लावलेले. असं काहीतरी छापा, लोक जपून ठेवतील.

तसंच, खाडीच्या कडेला रात्री रॅबिटचे, म्हणजे तोडलेल्या बांधकामाच्या राडारोड्याचे, डंपर खाली होतात त्याबद्दल मी मागे पत्र पाठवलं होतं, ते आलं नाही. त्याच रॅबिटवर उद्या चाळी उभ्या राहतात, त्यात माणसं राहायला येतात आणि मग तेसुद्धा शोषखड्डा खणतात. ते पत्र सापडलं तर बघा, नाहीतर मी परत लिहून पाठवते.

आपली,
एक वाचक, दिवा पूर्व, ठाणे