आप्पा, बघणाऱ्यांना मागचा कोपरा दाखवा

सिनसिनाटी, ओहायो
१२ ऑक्टोबर

ती. आप्पाकाकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

डिसेंबरात समाजमंदिरात माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठी एखादा जुना इंग्रजी सिनेमा लावायचाय, लढाईचा नको, लढाई संपल्यानंतरचा हवा, असं तुम्ही लिहिलंत. मग ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ हाच लावा. १९४६ चा, काळा-पांढरा, १७२ मिनिटांचा. यात रणांगण एकदाही दिसत नाही. तीन माणसं एकाच लष्करी विमानातून आपल्या गावी परततात, आणि पुढचा सगळा सिनेमा घर, नोकरी, पगार, कर्ज, शर्टाची बटणं यांत घडतो. गावाचं नाव बून सिटी. ते काल्पनिक आहे, पण इथल्या सिनसिनाटीच्या धर्तीवर बेतलेलं मानतात.

सुरुवातीला मंडळींना एवढं सांगून ठेवा, नाहीतर पहिला अर्धा तास कोण कोणाचा हे लावण्यातच जाईल. अल हा वयाने मोठा, बँकेतला साहेब, पण फौजेत नुसता सार्जंट. फ्रेड हवाई दलात कॅप्टन, विमानातून बॉम्ब टाकणारा, आणि लढाईआधी औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर सोडा देणारा. होमर नौदलातला पोरगा, दोन्ही हात गमावलेला. फौजेतला दर्जा आणि गावातला दर्जा इथे उलटे झालेत, हे तुमच्या मंडळींना समजावून सांगायला लागणार नाही. आकडे मात्र सांगा: फ्रेडला फौजेत महिन्याला चारशे डॉलरच्या वर मिळत होते, आणि त्याच जुन्या दुकानात परतल्यावर आठवड्याला साडेबत्तीस, म्हणजे महिन्याचे जेमतेम १४०. त्याचा संसार का मोडतो ते निम्मं या हिशोबातच आहे.

आता पडद्याचं. या सिनेमाची चौकट जवळपास चौरस आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमचा पडदा आठ फूट रुंद असेल तर चित्राची उंची पाच फूट दहा इंच यायला हवी. हल्लीच्या रुंद टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील आणि जवळपास पाव पडदा रिकामा दिसेल. कोणीतरी हमखास रिमोट घेऊन चित्र ताणणार. ताणू देऊ नका. ताणलं की चेहरे सुजल्यासारखे दिसतात. आणि ‘झूम’ केलं तर वरून-खालून मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ असं काही असेल ते निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय टीव्हीत असते, ती बंद ठेवा. तिच्यामुळे जुना सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

चौकटीबद्दल इतका आग्रह का, ते सांगतो. कॅमेरा ग्रेग टोलंडचा आहे. त्याची खासियत ही की जवळचा माणूस आणि खोलीच्या पार टोकाचा माणूस दोघंही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. त्यासाठी भिंगाचं तोंड बारीक करावं लागतं. तोंड बारीक केलं की आत प्रकाश कमी येतो, म्हणून सेटवर दिव्यांचा मारा वाढवावा लागतो. एवढी खटपट कशासाठी? दिग्दर्शक विल्यम वायलरला तुकडे जोडून गोष्ट सांगायची नव्हती. त्या काळच्या सिनेमात तासाला तीन-चारशे शॉट असत; यात तासाला १९० च्या आसपास आहेत, असं फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने नोंदवलंय. म्हणजे एकेक शॉट लांब चालतो, आणि त्यात कुठे बघायचं ते बघणाऱ्यावर सोडलेलं असतं.

सर्वांत महत्त्वाची जागा बुचच्या बारमधली. होमर हातांच्या जागी बसवलेल्या धातूच्या आकड्यांनी (हुकांनी) बुचबरोबर पियानो वाजवतोय, ते अगदी पुढे. अल पियानोला टेकून उभा. आणि पार मागे, डाव्या कोपऱ्यात, टेलिफोनच्या खोपट्यात फ्रेड आहे. तो अलच्या मुलीला, पेगीला, आपण आता भेटायचं नाही असं सांगतोय. त्याचा एक शब्द ऐकू येत नाही. सगळ्यांचे डोळे पियानोवर जाणार, जायलाच हवेत, पण गोष्ट त्या कोपऱ्यात घडतेय. वायलरने मधे अलची नजर तिकडे वळलेली दाखवलीय, कोपरा निसटू नये म्हणून. तुम्ही आधी एकच वाक्य सांगा: अल कुठे बघतोय तिकडे बघा. बाकी काही सांगू नका.

खेळाच्या आदल्या संध्याकाळी याच जागी चित्र थांबवून उजेड जुळवा. फ्रेडची आकृती काचेआड नीट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आधी हॉलच्या खिडक्या झाका, मगच प्रोजेक्टरच्या बटणांना हात लावा. बाहेरचा उजेड आत येत असताना ‘ब्राइटनेस’ चढवला की काळा रंग राखाडी होतो आणि तो कोपरा धुऊन जातो. लहान टीव्हीवर हे खोपटं बोटाच्या पेराएवढं दिसेल, म्हणून शक्य असेल तर पडदाच लावा, आणि शेवटची रांग चित्राच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा लांब नको. आठ फुटांना चोवीस फूट. आवाज एकाच वाटेने येणारा, जुन्या पद्धतीचा आहे. लग्नाच्या मांडवातले दोन मोठे भोंगे दोन कोपऱ्यांत ठेवलेत तर शब्द घुमतील. एकच स्पीकर पडद्याखाली मध्यावर ठेवा आणि खर्ज कमी करा.

होमरचं काम करणारा हॅरल्ड रसेल नट नव्हता. तो फौजेत प्रशिक्षक होता. ६ जून १९४४ ला, नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत, सदोष फ्यूजमुळे स्फोटकं हातातच उडाली. युरोपात दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या त्याच दिवशी. मूळ गोष्ट मॅकिन्ले कॅन्टरने निर्यमक पद्यात लिहिली होती, तिच्यातल्या होमरला हातापायांच्या आकडीचा त्रास होता. वायलरने फौजेच्या एका माहितीपटात रसेलला पाहिलं आणि होमरच बदलला. निर्माता गोल्डविनने रसेलला अभिनयाच्या शिकवणीला धाडलं, ते कळल्यावर वायलरने ती बंद करवली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. रसेलचं चालणं-बोलणं जसंच्या तसं राहिलं.

त्याचे आकडे कसे चालतात, हे तुमच्या मंडळींना नक्की विचारावंसं वाटेल. दोन्ही खांद्यांवरून पट्ट्यांचा एक साज जातो. त्याला पोलादी तार जोडलेली. खांदा पुढे रेटला की तार ताणली जाते आणि दुभंगलेला आकडा उघडतो. मिटतो तो बुडाशी गुंडाळलेल्या रबराच्या कड्यांमुळे. कडी वाढवली की पकड घट्ट होते, पण उघडायला खांद्याला तेवढाच जास्त जोर लागतो. म्हणून होमर काडी पेटवतो, ग्लास उचलतो, बंदूक चालवतो, लग्नात अंगठीही घालतो. पण साज एकदा उतरवला की तो परत एकट्याने चढवता येत नाही.

मध्यंतराची जागा यावरूनच ठरवा, घड्याळ बघून नव्हे. गॅरेजच्या खिडकीतून पोरं डोकावतात आणि होमर आकड्यांनी काच फोडतो. त्याच रात्री त्याचे वडील न बोलता त्याचा साज उतरवतात, त्याला झोपायला मदत करतात. निम्म्याच्या आसपास येतो हा प्रसंग. इथे थांबा, चहा द्या. उत्तरार्धात त्याच खोलीत, वडिलांच्या जागी त्याची प्रेयसी विल्मा उभी असते. होमर तिला मुद्दाम वर बोलावतो, साज उतरवतो आणि सांगतो की आता हे दार वाऱ्याने बंद झालं तर मला उघडताही येणार नाही. विल्मा त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. वडिलांचा प्रसंग मनात ताजा असेल तरच या बटणांचं वजन कळतं.

बँकेच्या प्रसंगाआधी दोन ओळी सांगा. नोव्हाक नावाचा एक शिपाईगडी ४० एकर जमिनीसाठी कर्ज मागतो. तारण काही नाही. अमेरिकेत २२ जून १९४४ ला परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा झाला, त्यात अशा कर्जाच्या निम्म्या रकमेची, पण २,००० डॉलरपर्यंतचीच, हमी सरकार घेत होतं. उरलेला धोका बँकेचा. अल कर्ज देतो आणि वरचे साहेब नाराज होतात. पुढे मेजवानीत अल प्यायलेल्या अवस्थेत भाषण करतो, त्यातला राग याच कर्जाचा आहे. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी सबटायटलच्या ओळींवर हे पटकन कळत नाही.

त्या ओळींबद्दल: पडद्यावर इंग्रजीच ठेवा आणि आधी मराठीत अर्ध्या पानाचा कागद वाटा. चालू सिनेमात माइकवरून भाषांतर करू नका. अल घरी येतो तो प्रसंग तर शांततेवरच उभा आहे. तो पोरांच्या तोंडावर हात ठेवतो, आतून त्याची बायको मिली विचारते कोण आलंय, उत्तर येत नाही, आणि तिला कळतं. मग तो लांब व्हरांडा. वायलर लढाईवरून आला तेव्हा त्याची आणि त्याच्या बायकोची भेट हॉटेलच्या अशाच व्हरांड्यात झाली होती. तोही फौजी गणवेशातच होता, आप्पा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढत होत्या, नामदेव जाधवांनी सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच १९४५ मध्ये इटलीवरून विमानातून चित्रीकरण करताना वायलरला एका कानाने ऐकू येणं कायमचं बंद झालं.

दोन ठिकाणी सावध राहा. फ्रेड झोपेत ओरडत उठतो ते एक. दुसरं, शेवटाकडे मोडीत काढलेल्या विमानांच्या मैदानात तो एका बॉम्बफेकी विमानाच्या नाकात जाऊन बसतो ते. त्या विमानांची इंजिनं काढलेली आहेत. तरी कॅमेरा खालून इंजिनाच्या एकेका रिकाम्या जागेवरून असा सरकतो आणि वाद्यं अशी घरघरतात की विमान उडाल्यासारखं वाटतं. फ्रेडला घाम फुटतो. समोर बसलेल्यांपैकीही कुणाला फुटू शकतो. दाराजवळच्या दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा, दाराला कडी नको, बाहेर पाणी आणि सोबतीला एक माणूस. दिवे एकदम लावू नका.

डिस्क घरगुती असली तर तिच्यावर सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. महिनाभर आधीच अर्ज करा.

शेवटी लग्नात पुन्हा तीच युक्ती आहे. होमर आणि विल्मा एका बाजूला शपथ घेताहेत, आणि खोलीच्या दुसऱ्या बाजूला फ्रेड पेगीकडे बघतोय. तोवर मंडळींना मागचा कोपरा बघायची सवय लागलेली असेल. यावेळी काही सांगू नका.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अर्ध्या पानाचा मजकूर मी पुढच्या पत्रासोबत पाठवतो.

आपला,
सदानंद