धीर स्वतःलाही द्यावा

महोदय,

गेल्या हंगामात बोंडे फुटण्याच्या वेळीच पाऊस लागून राहिला आणि आमच्या चार एकरांतील कापूस झाडावरच काळा पडला. धुऱ्यावर बसून मी एकेक सडके बोंड हाताने फोडून पाहत होतो आणि प्रत्येक बोंडागणिक स्वतःला शिव्या घालत होतो : वेळेवर फवारले नाही, कर्ज काढले, अक्कलच नाही. हेच शेजारच्या कास्तकारावर ओढवले असते, तर ‘पावसापुढे कोणाचे चालते का भाऊ’ असे म्हणून मी त्याला बळेच घरी नेऊन चहा पाजला असता. दुसऱ्याला सहज देता येणारा धीर माणूस स्वतःला का देत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

फवारणीत माझे चुकले ते चुकलेच. पण पाऊस माझ्या हातचा नव्हता, एवढा हिशेब तरी आपण स्वतःशी सरळ मांडावा. आपल्याकडे पुरुषाने रडायचे नसते, आणि बाया रडल्या तरी चुलीच्या धुराचे निमित्त करून रडतात.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मन मोकळे करता येते. आमच्या गावात मात्र मी विचारले त्यांपैकी कोणालाच तो ठाऊक नव्हता. ग्रामपंचायतीत आणि कापूस खरेदी केंद्रावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, ही विनंती. सध्या केंद्रावर फक्त भावाचा फलक आहे.

– एक कास्तकार, जि. यवतमाळ